बेबिंकाच्या लेखात वादळ कशाला? (फुटकळ माहिती कुठली ठेवायची, कुठली काढायची)

कुळागर · सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, जरा डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबेल, सांभाळून घ्या.

एका ऑनलाइन मुक्त ज्ञानकोशात मी गेलं दीड वर्ष मराठीतून लिहितो. नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर तिथली भांडणं उठून इथे यायची. गोव्यातले खाण्याचे पदार्थ, गावं, कुठल्या देवळाची जत्रा कधी, असलं. तर तिथे बेबिंकाचा लेख होता साडेतीन ओळींचा, "बेबिंका हा गोव्यातील एक प्रसिद्ध गोड पदार्थ आहे" आणि पुढे आनंदीआनंद. मी तीन रात्री बसून तो लेख उभा केला. साहित्य, कृती, नाताळात घरोघर कसा होतो, २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते, सगळं. आणि शेवटी हौसेने "रंजक माहिती" असा एक विभाग टाकला, नऊ मुद्दे. दुसऱ्या दिवशी जेवून उघडलं तर विभाग साफ. बदलांच्या इतिहासात शेरा दोन शब्दांचा, "विश्वकोशीय नाही".

काय होतं त्यात ते सांगतो म्हणजे तुम्हीच ठरवा. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठातल्या बेबियाना नावाच्या जोगिणीने, म्हणजे ख्रिस्ती ननने, हा पदार्थ पहिल्यांदा केला म्हणून बेबिंका, तिने सात थर केले कारण लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय, मठात अंड्यांचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला जायचा आणि बलक उरायचे म्हणून असले बलकाचे पदार्थ निघाले, २०२४ च्या सप्टेंबरात शांघायवर आदळलेल्या वादळाचं नाव बेबिंका होतं, विमानतळावर पॅकिंगमध्ये मिळतं, एका हिरोने मुलाखतीत आवडतं म्हणून सांगितलं, शिळं झालं तरी आठवडाभर टिकतं, कोणी आइसक्रीमबरोबर खातात, आणि शेवटचा मुद्दा माझ्या मावशीने एकदा २१ थरांचं केलं होतं. हो, मावशी घातली, मान्य आहे, हसा.

पण बाकीचे आठ एका झटक्यात उडवायचे? हे ठरवतं कोण आणि कशावरून?

पोई_उंडो · सोमवार, रात्री ११.०५

मावशी कितव्या नंबरवर होती ते महत्त्वाचं आहे 😄 नवव्या म्हणजे तुलाही आतून माहीत होतं की ही पहिली जाणार.

गंमत सोड. मला वाटतं चूक मुद्द्यांची नाही, त्या मथळ्याची आहे. "रंजक माहिती" म्हणजे घरातला माळा. फुटकी घागर, आजोबांची चालती घड्याळं, लग्नातली मोठी पातेली, सगळं एकत्र चढवलेलं असतं आणि मग साफसफाईला आलेला माणूस बघत बसत नाही काय चांगलं काय वाईट, सरसकट भंगारवाल्याला देतो. तू पातेली माळ्यावर ठेवलीस, मग गेली तर रडायचं नाही.

तिसवाडीकर · सोमवार, रात्री ११.३०

पोईबायने अर्धं काम केलं. उरलेलं मी करतो.

मी इंग्रजी विकिपीडियावर बरीच वर्षं पडीक असतो. तिथे याबद्दल लेखी मार्गदर्शक सूचना आहे, ट्रिव्हियाचे, म्हणजे असल्या फुटकळ माहितीचे, विभाग टाळा म्हणून. पण लोक मथळा वाचतात आणि कुऱ्हाड उचलतात. आत काय लिहिलंय तर विभाग करू नका, त्यातली जी माहिती कामाची आहे ती लेखात जिथे तिची जागा आहे तिथे गुंफा, आणि जी गुंफता येत नाही ती सोडा. म्हणजे विभाग उडवणाऱ्याने अर्धीच सूचना पाळली आणि कुळागरबाब, तुम्ही ती वाचलीच नाही. दोघांचं फिटंफिट.

तुमच्यातलाच एक मुद्दा घेतो. बलकाचा. तो तुम्ही "रंजक" म्हणून खाली टाकलात, पण तो रंजक कुठे आहे, तो तर कारण आहे! एवढे बलक एका पदार्थात का, हा कृती वाचणाऱ्या कुणालाही पडणारा प्रश्न आहे. पोर्तुगालमध्ये मठांतून आलेल्या गोड पदार्थांची अख्खी परंपरा आहे, बलक आणि साखर, आणि खळीची गोष्ट त्या सगळ्यांबद्दलच सांगतात. म्हणजे ती "उगम" या भागात, पोर्तुगालच्या त्या पदार्थांच्या शेजारी, "असं सांगितलं जातं" लावून. तिथे गेली की ती ट्रिव्हिया उरतच नाही. आणि आपल्याकडे येऊन त्याच बलकात नारळाचा रस पडला हे पुढचं वाक्य. बघा, परिच्छेद झाला.

आइसक्रीम, विमानतळ आणि हिरो यांना मी हात जोडून निरोप देतो. विमानतळावर काय मिळत नाही? हिरोंना तर सगळंच आवडतं.

मुंबईहून_म्हापसा · मंगळवार, सकाळी ७.५०

बसमध्ये बसून टाइप करतोय, चुका माफ.

मी क्विझवाला माणूस आहे आणि मला हा सगळा सोवळेपणा पटत नाही. लोक ज्ञानकोशात येतात कशाला? पोरांना पहिल्यांदा गोडी लागते ती असल्या गोष्टींनीच. इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर "तुम्हाला माहीत आहे का" चा चौकोन रोज असतो, नव्या लेखातली एखादी चटकदार गोष्ट काढून तिथे लावतात आणि त्या एका ओळीसाठी माणूस अख्खा लेख उघडतो. म्हणजे दारात ट्रिव्हिया चालते, घरात आली की शिवाशिव?

आणि वादळ तर ठेवलंच पाहिजे. आपल्या बेबिंकाच्या नावाचं वादळ शांघायवर आदळलं, याहून भारी काय पाहिजे! मी स्वतः हा प्रश्न दोनदा विचारलाय.

तिसवाडीकर · मंगळवार, सकाळी ९.१५

दोनदा चुकीचा विचारलाय मग 🙂

पश्चिम प्रशांत महासागरातल्या वादळांना नावं देतात ती तिथल्या सदस्यांनी आधीच देऊन ठेवलेल्या यादीतून, आणि बेबिंका हे नाव मकावने दिलेलं. मकावमध्येही बेबिंका आहे, पण ते दुधाचं पुडिंग, त्याला आपले थर नसतात. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे तिथे नावं सांडत गेले, त्यातलं हे एक. म्हणजे वादळाला आपल्या बेबिंकाचं नाव नाही, त्याच्या मकावच्या चुलतभावाचं आहे. १६ सप्टेंबर २०२४ ला ते शांघायला लागलं हे खरं, तारीख पक्की आहे, पण खरी असली म्हणून ती गोष्ट या लेखाची होत नाही. या लेखाला वादळाशी नाही, त्या मकावच्या पुडिंगाशी नातं सांगायचंय. वादळासाठी लेखाच्या वर एक ओळ, "हा लेख गोड पदार्थाबद्दल आहे, चक्रीवादळासाठी अमुक लेख पाहा", बस.

उलट वादळाच्या लेखात मात्र नावाचा अर्थ आलाच पाहिजे. तिथे ते फुटकळ नाही.

मुंबईहून_म्हापसा · मंगळवार, सकाळी ९.४०

आयला. दोन ट्रॉफ्या परत कराव्या लागतील काय आता.

अंत्रुजी · मंगळवार, दुपारी १.२०

तिसवाडीकर म्हणतात तो मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणजे एकच गोष्ट एका लेखात डोंगराएवढी असते आणि दुसऱ्यात राईएवढी, यावर आमच्या केरीवरून मी एकदा भांडलोय म्हणून सांगतो.

गायिका केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर ती सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यात जगभरच्या संगीताचे २७ तुकडे, त्यात भारतातून एकच, केसरबाईंची भैरवी, "जात कहाँ हो", साडेतीन मिनिटं. हे आता सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न असा की हे लिहायचं कुठे कुठे?

केसरबाईंच्या लेखात एक परिच्छेद, यात वाद नाही. तरी तिथेही माझी तक्रार आहे, काही ठिकाणी लेखाची सुरुवातच व्हॉयेजरने होते आणि अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, जयपूर-अत्रौली गायकी हे कुठेतरी खाली लोंबतं. बाई आयुष्यभर गायल्या त्या काय एका तबकडीसाठी? ट्रिव्हियाचा खरा धोका हा, ती आत येते आणि यजमानाच्या खुर्चीवर बसते. तबकडीच्या लेखात २७ च्या यादीत एक ओळ, तेही बरोबर. भैरवी रागाच्या लेखात? माझ्या मते नको. भैरवी कोण कोण गायलं याची यादी करायला बसलात तर मेलात, आणि त्या रागाबद्दल ही गोष्ट काहीच सांगत नाही.

आणि केरी गावाच्या लेखात? इथे मजा आहे. कुणीतरी ती ओळ सत्तरीतल्या केरीच्या लेखात घातली होती! गोव्यात केरी काय एक आहे? एक आमची फोंड्याची, एक सत्तरीची, एक तेरेखोलजवळची पेडण्यातली. केसरबाई आमच्या. मी ती ओळ काढून आमच्या केरीत टाकली तर एका भल्या माणसाने तिथूनही काढली, शेरा "गावाशी थेट संबंध नाही". अहो आडनाव केरकर आहे! छोट्या गावाच्या लेखात असली एक ओळ म्हणजे त्या गावाचं पागोटं असतं, ते उतरवून काय मिळतं लोकांना?

पोई_उंडो · मंगळवार, दुपारी २.०५

अंत्रुजीकाका, त्याच तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात मराठी आहे, कोंकणी नाही. हे मी मराठीच्या लेखात टाकू की कोंकणीच्या? 😇

अंत्रुजी · मंगळवार, दुपारी २.१२

तू गप बस गो बाय. १६ जानेवारी १९६७ ला गोवा महाराष्ट्रात जायचा की नाही याचा कौल घेतला तेव्हापासून ते भांडण चालू आहे, त्यात अंतराळ नको.

(पण सांगून ठेवतो, जे "नाही" ते कुठेच टाकायचं नसतं. ज्या ज्या यादीत आपण नाही त्यांची यादी करायला बसलं तर संपणार नाही.)

शेवटची_फेरीबोट · मंगळवार, रात्री ८.३०

उशिरा आलो. सगळं वाचलं. तिसवाडीकरांचं बोलणं नेहमीप्रमाणे बरोबर आणि नेहमीप्रमाणे थोडं कोरडं.

तुम्ही सगळे धरून चालताय की आधी मोठी माहिती असते आणि मग तिच्या कडेला फुटकळ. आमच्या बाजूला उलटं आहे. सांगे तालुक्यातलं कुर्डी घ्या. साळावली धरणात गेलेलं गाव. गायिका मोगूबाई कुर्डीकर तिथल्याच. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, घरांची जोती, देऊळ, आणि उठून गेलेले लोक परत जातात, देवळात उत्सव होतो, कपेलात फेस्त होतं, मग पाऊस आला की गाव परत खाली. आता सांगा, वर्षातून महिनाभर दिसणाऱ्या गावात लोक जाऊन कुठल्या जोत्यावर उभे राहून "हे आमचं स्वयंपाकघर" म्हणतात, ते फुटकळ का? दुसऱ्या कुठल्या गावाच्या लेखात असेल. कुर्डीच्या लेखात तोच लेख आहे. लोकसंख्या, साक्षरता, पिनकोड, हे साच्यातलं सगळं पाण्याखाली गेलंय.

आणि संदर्भ! संदर्भ म्हणे पुस्तकाचा द्या, पेपराचा द्या. कुर्डीचं नशीब बरं, पेपरवाले दर मे महिन्यात जातात. पण वाड्यावरच्या जागोराचा, म्हणजे त्या लोकनाट्याचा, कुठल्या पिंपळाखाली कुणाचा मान, कुठल्या कोंडीत अमुक मासा, चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीला कुठल्या गावात कुठलं रानफळ लागतंच लागतं, हे कुणी छापलंय? जे म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे ते तुमच्या नियमाने ट्रिव्हियाही नाही, ते नाहीच. मला आठवतं २०११ च्या सुमाराला तोंडी संदर्भांचा एक प्रयोग विकिपीडियावाल्यांनीच केला होता, हिंदी, मलयाळम आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी भाषा, लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचा संदर्भ द्यायचा. पुढे तो नियम झाला नाही. म्हणजे दुखणं फक्त आमचं नव्हे, हे त्यांनाही कळलं होतं.

कुळागर · मंगळवार, रात्री ९.१०

फेरीबोटदादा, हेच, हेच मला म्हणायचं होतं आणि मी मावशीवर गाडी नेली.

तिसवाडीकर · मंगळवार, रात्री १०.००

कोरडा आहे खरा, लायब्ररीत आयुष्य गेलं, तिथे ओल चालत नाही.

फेरीबोटबाब, कुर्डीचं शंभर टक्के मान्य. तोंडी माहितीचं अर्धं मान्य. ती जाऊ नये हे बरोबर, पण ज्ञानकोश ही तिला पहिल्यांदा लिहून ठेवायची जागा नव्हे, कारण तिथे सांगणाऱ्याचं नावच राहत नाही. तुमच्या आजीने सांगितलेलं तिथे गेलं की ते "असे मानले जाते" होतं, मग दुसरा कोणी "असे आहे" करतो आणि आजी गेली ती गेलीच. त्यापेक्षा आधी कुठल्या दिवाळी अंकात, गावच्या स्मरणिकेत, पेपरच्या रविवार पुरवणीत तिच्या नावासकट छापून आणा, मग तिथून ज्ञानकोशात घ्या. आडवाट आहे, पण आजी शिल्लक राहते.

दुसरी भीती मला जास्त वाटते. २००८ मध्ये एका अमेरिकन पोराने गंमत म्हणून कोआटी नावाच्या प्राण्याच्या लेखात "याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात" एवढं एक वाक्य घातलं. शुद्ध थाप. कुणी काढलं नाही. मग ब्रिटनच्या पेपरांनी तेच नाव बातमीत वापरलं, आणि त्यानंतर लेखात त्या पेपरांचाच संदर्भ लागला! थापेला वंशावळ मिळाली. मोठं खोटं कोणीतरी पकडतं. पण "असंही म्हणतात", "अशी आख्यायिका आहे" हे कोण तपासत बसतो? फुटकळ माहिती खोटी ठरली तरी कुणाचं नुकसान नसतं, म्हणूनच ती जास्त जगते.

आता कुळागरबाब, तुमची जोगीण बेबियाना. मी काल रात्री झोप येईना म्हणून दहा-बारा ठिकाणी तिला शोधली. सगळीकडे तेच वाक्य, त्याच क्रमाने, बेबियाना मग सात थर मग लिस्बनच्या टेकड्या. कुठेही साल नाही, मठाच्या कागदाचा उल्लेख नाही, तिच्याबद्दल दुसरी एकही गोष्ट नाही. एवढी एकच पाककृती करून ती अंतर्धान पावली. आणि एका गोष्टीने मला खटकलंच, वर म्हटलं तसं मकावलाही बेबिंका आहेच, मग तिथे कोण गेलं होतं, हीच बेबियाना?

शेवटची_फेरीबोट · मंगळवार, रात्री १०.२५

मग काढायची तिला?

तिसवाडीकर · मंगळवार, रात्री १०.३३

नाही! ठेवायची, पण गोष्ट म्हणून. आबे फारियाचं बघा. कांदोळीचा पोरगा, लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि वाचाच गेली, तेव्हा खालून बापाने कोंकणीत कुजबुजलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी", आणि गडी सुटला. घडलं का? देव जाणे. पण पुढे ज्या माणसाने संमोहनात सूचनेचं महत्त्व सांगितलं त्याच्याबद्दल लोक हीच गोष्ट का सांगतात ते उघड आहे, शब्दाने माणूस बदलतो म्हणून. ती गोष्ट गेली तर गोंयकारांच्या मनातला फारिया गेला. आख्यायिका म्हणून, सांगणाऱ्याचा संदर्भ देऊन, ठेवलीच पाहिजे. बेबियानाला तोच न्याय. "हिने केलं" नाही लिहायचं, "हिने केलं असं सांगतात" लिहायचं, आणि सालाचा पत्ता नाही तर साल घुसडायचं नाही.

(फारियावरून आठवलं, द्यूमाच्या "काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो" मधला तुरुंगातला पाद्री आबे फारिया, तो तिथे इटालियन करून टाकलाय. फारियाच्या लेखात हे हवंच, जगाला त्याचं नाव त्यामुळे माहीत आहे. कांदोळीच्या लेखात त्याचा जन्म पुरे, कादंबरी नको.)

पोई_उंडो · बुधवार, सकाळी १०.१५

ऑफिसात बसून हे लिहितेय, बॉस मीटिंगमध्ये.

पिक्चरांचं काय करायचं ते कुणी बोललंच नाही आणि गोव्याच्या लेखांना सगळ्यात मोठी कीड तीच आहे. प्रत्येक बीच, प्रत्येक चर्च, प्रत्येक पूल, खाली यादी, इथे अमुक गाणं शूट झालं तमुक सीन झाला. मी स्वतःसाठी एक कसोटी केलीय. पिक्चर येऊन गेल्यावर त्या जागेचं काही बदललं का? शापोरा किल्ला, २००१ चा "दिल चाहता है". आज पर्यटक टॅक्सीवाल्याला शापोरा म्हणतच नाहीत, दिल चाहता है किल्ला म्हणतात, पोरं तिथे त्या तिघांसारखी बसून फोटो काढतात. किल्ल्याचं नावच बदललं लोकांच्या तोंडात, म्हणजे ते लेखात हवं, संभाजीराजांच्या १६८३-८४ च्या स्वारीनंतर, त्याच्या आधी नाही, प्लीज. आणि दूधसागर, "चेन्नई एक्सप्रेस", २०१३, ट्रेन धबधब्यापाशी थांबते. इथे मी अडकते. धबधबा होता तिथेच आहे, नाव तेच आहे. पण लोक वाढले म्हणतात. वाढले याचा धड संदर्भ मिळाला तर एक ओळ, नाहीतर पिक्चरच्याच लेखात "चित्रीकरण" खाली जाऊ दे. बाकी सगळे पूल-बीच-चर्च वगैरे, डिलीट, डोळे मिटून.

मुंबईहून_म्हापसा · बुधवार, सकाळी ११.००

ही कसोटी आवडली. पण मला एक प्रामाणिक शंका, केसरबाईंवरूनच. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. अकरा दिवस! दोन्ही तारखांना ढिगाने संदर्भ आहेत. हे जोडून लिहिलं तर? क्विझला तर मी विचारणारच, आता कोणी थांबवू शकत नाही.

तिसवाडीकर · बुधवार, दुपारी १२.१०

अंगावर काटा आला हे कबूल.

पण बघा, तारखा दोन्ही खऱ्या असल्या तरी मधला धागा तुम्ही ओवलाय. ज्ञानकोशात दोन खऱ्या गोष्टी जोडून तिसरी आपल्या मनाची काढायला बंदी असते, आणि ती बंदी बरोबर आहे कारण या धाग्याने माणसं काहीही ओवतात. दुसऱ्या कुणी, चरित्रकाराने, समीक्षकाने, तो योग टिपला असेल तर त्याच्या नावावर घाला. नसेल तर नुसतं क्रमाने लिहा, ऑगस्ट-सप्टेंबरात यानं गेली, त्याच सप्टेंबरात १६ ला त्या निवर्तल्या. अकरा दिवस वाचणारा मोजेल. फक्त "जणू" लिहायचं नाही. लेखात "जणू" दिसला की समजायचं लिहिणारा माहिती संपवून कविता करायला लागला.

अंत्रुजी · बुधवार, दुपारी १२.४०

आमच्या केरीच्या लेखात एक जणू आहे. मीच घातलेला. संध्याकाळी काढतो.

कुळागर · गुरुवार, रात्री ११.२०

तर मंडळी, अहवाल.

काल आणि आज मिळून लेख परत लिहिला, "रंजक माहिती" हा मथळाच नाही आता. बलक आणि खळ "उगम" मध्ये गेले. बेबियाना आणि सात टेकड्या एका छोट्या परिच्छेदात, आख्यायिका म्हणून, खाली एका छापील पाककृतीच्या पुस्तकाचा संदर्भ, आणि थर सातच असतात असं नाही, सोळापर्यंतही करतात हेही तिथेच. मकावचं दुधाचं पुडिंग "नाव" खाली. वादळ वर एका ओळीत. आइसक्रीम, हिरो, विमानतळ गेले, त्यांच्याबद्दल दुःख नाही. टिकतं किती दिवस ते साठवणीच्या वाक्यात सामावलं.

आणि लिहिता लिहिता एक लक्षात आलं की मूळ लेखात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी टाकलीच नव्हती, नऊ मुद्दे जमवले आणि ती विसरलो! थर होतात कसे? खालून जाळ देऊन होत नाहीत. आमची मावशी मडक्यावर झाकण ठेवून झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवते, वरून धग, एक थर वरून लाल झाला की मग तूप, मग पुढचा. म्हणून तर प्रत्येक थराच्या वरच्या बाजूला ती काळपट रेघ येते. तासन् तास लागतात, म्हणून घरी असं करणारे कमी झाले आता. हे मला इतकं माहीत होतं की लिहायचं सुचलंच नाही. याला संदर्भही चटकन मिळाला, सगळ्या पुस्तकांत आहे.

विभाग उडवणाऱ्या त्या सदस्यालाही चर्चा पानावर लिहिलं. माणूस वाईट नाही. म्हणाला एका रात्रीत पन्नास लेखांतले असे विभाग काढत होतो, वाचून काढले नाहीत, सॉरी. मग त्याने आणि मी शीर्षक बेबिंका की बेबिंक की बिबिंक यावर दीड तास घातला, ते अजून चालू आहे, त्याला वेगळा धागा लागेल.

मावशी लेखातून गेली. पण तिने काल खास केलं, मी कापलेल्या तुकड्याचा फोटो काढून मुक्त परवान्याने चढवला. फोटोखाली मथळा, "२१ थरांचे बेबिंका, घरगुती". एवढं तर चालतं ना?

तिसवाडीकर · शुक्रवार, सकाळी ८.४५

चोरदरवाजा आहे. पण फोटो चांगला आलाय, म्हणून बोलत नाही.

पोई_उंडो · शुक्रवार, सकाळी १०.३०

फोटो झूम करून दोनदा मोजले. १९ आहेत.

कुळागर · शुक्रवार, सकाळी १०.४१

खालचे दोन मडक्याला चिकटले.

तिसवाडीकर · शुक्रवार, सकाळी १०.५०

संदर्भ हवा.